पाकळ्या सोडा, अंडाशय बघा: सपुष्प वनस्पती आल्या कुठून आणि जगभर पसरल्या कशा

जमिनीवर आज ज्या वनस्पती आहेत, त्यांच्या दर दहा जातींतल्या जवळजवळ नऊ सपुष्प आहेत. ज्ञात जातींचा आकडा तीन लाखांच्या पुढे जातो. पाइन, देवदार, सायकस, गिंको अशा अनावृतबीजी, म्हणजे उघड्यावर बी धरणाऱ्या वनस्पतींच्या मात्र सगळ्या मिळून हजारभर जातीच उरल्या आहेत. वयाचा हिशेब याच्या उलट लागतो. बी धरणाऱ्या वनस्पती सुमारे ३६ कोटी वर्षांपासून आहेत, तर सपुष्प वनस्पतींचे निर्विवाद जीवाश्म १३.५ कोटी वर्षांच्या फारसे मागे जात नाहीत. मागून आलेल्यांनी मैदान मारलं, ते कसं हा प्रश्न आहे.

याचं श्रेय बहुतेक वेळा पाकळ्यांना मिळतं. रंग, वास, मकरंद, त्यामागे येणारे कीटक, आणि मग सगळं सुरळीत. हे खोटं नाही, पण अपुरं आहे. गहू, तांदूळ, मका ही सगळी गवतं सपुष्पच आहेत आणि त्यांच्या फुलांना डोळ्यात भरतील अशा पाकळ्या नाहीत. पाकळ्या ही जाहिरात झाली. खरा माल फुलाच्या तळाशी असतो.

तो बघायचा तर एकेरी जास्वंदीचं फूल घ्या. दुहेरी नको, त्याचं कारण पुढे येईल. पाकळ्या एकेक करून ओढून काढा, खालची हिरवी निदलं सोलून टाका. मधोमध एक लांब दांडी उरते आणि तिच्या अंगावर पिवळे दाणे लगडलेले दिसतात. हे परागकोश. ही दांडी म्हणजे एकमेकांना चिकटलेल्या पुंकेसरांची नळी आहे. नखाने ती उभी चिरली की आतून एक बारीक धागा निघतो. त्याच्या वरच्या टोकाला मखमली पाच ठिपके असतात, ती कुक्षी. धाग्याच्या खालच्या टोकाला वाटाण्याहून लहान, फिकट, शंकूसारखा गोळा असतो, तो अंडाशय. नव्या ब्लेडने त्याचा आडवा काप घ्या. जुन्या ब्लेडने तो चिरडतो आणि आतलं काही समजत नाही. भिंगाखाली पाच कप्पे दिसतील आणि प्रत्येकात मधल्या अक्षाला चिकटलेले पांढुरके कण. हे कण म्हणजे बीजांडं, उद्याच्या बिया. आता लक्षात घ्या की बाहेरच्या हवेतून या कणांपर्यंत पोचायला एकही उघडी वाट नाही.

पाइनच्या मादी शंकूत असं काही नसतं. तिथे प्रत्येक खवल्यावर दोन बीजांडं उघडी बसलेली असतात. परागण होण्याच्या काळात खवले किंचित फाकतात, वाऱ्याने आलेला पराग फटीतून आत जातो आणि बीजांडाच्या तोंडाशी आलेल्या द्रवाच्या थेंबात अडकतो. पराग आणि बीजांड यांच्यामध्ये कोणी विचारणारं नाही.

बंद दाराचा फायदा

बीजांडाभोवती बंद कुपी आली, तिला वनस्पतिशास्त्रात किंजदल म्हणतात. एक किंवा अनेक किंजदलं मिळून अंडाशय तयार होतो. या बंदिस्तपणाचा पहिला फायदा सांगायची गरज नाही. कोवळं बीजांड कीटकांच्या तोंडापासून आणि कोरड्या हवेपासून वाचतं. महत्त्वाचा आहे तो दुसरा फायदा. आता परागाला थेट आत जाता येत नाही, त्याला कुक्षीवर उतरावं लागतं आणि तिथे त्याची तपासणी होते.

परागकण कुक्षीवर पडला की आधी तिच्यातलं पाणी शोषून फुगतो, मग त्यातून परागनलिका फुटते. ही नलिका कुक्षीखालच्या वृंतातून वाढत वाढत बीजांडापर्यंत जाते. परक्या जातीचा पराग बहुतेक वेळा पहिल्याच टप्प्यावर अडतो. त्याहून गमतीचा भाग असा, की कित्येक वनस्पती स्वतःचाच पराग ओळखून तो नाकारतात. सफरचंद हे याचं नेहमीचं उदाहरण. परागाची आणि वृंताची एका विशिष्ट जनुकाची खूण जुळली, तर वृंतातली विकरं परागनलिकेतला आरएनए तोडून टाकतात आणि नलिका अर्ध्या वाटेतच थांबते. म्हणून सफरचंदाची बाग एकाच वाणाची लावली की फुलोरा भरघोस येतो आणि फळं तुरळक धरतात. एका वाणाची सगळी झाडं एकाच झाडाची कलमं असतात, त्यामुळे शेजारच्या झाडाचा परागही परका ठरत नाही. उपाय एकच. त्याच दिवसांत फुलणारं आणि जनुकीय खूण वेगळी असलेलं दुसऱ्या वाणाचं झाड मधूनमधून लावायचं.

अशी छाननी झाली की दर पिढीत जनुकांची सरमिसळ पक्की होते. उघड्या बीजांडाला ही सोय इतक्या नेमकेपणाने जमत नाही.

एका परागातून दोन फलनं

१८९८ मध्ये कीव्हमध्ये काम करणाऱ्या सर्गेई नवाशिन यांनी लिलीच्या बीजांडाचे काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा एक विचित्र गोष्ट आढळली. परागनलिकेतून दोन नरपेशी येतात आणि दोन्ही कामी येतात. पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये लिऑन गिन्यार यांनीही हेच दाखवलं. एक नरपेशी अंडपेशीशी मिळते आणि भ्रूण तयार होतो. दुसरी बीजांडातल्या मधल्या पेशीशी मिळते. या पेशीत आधीच दोन केंद्रकं असतात, त्यामुळे तिसरं मिळून गुणसूत्रांचे तीन संच असलेली पेशी तयार होते. ती झपाट्याने विभागते आणि भ्रूणाची शिदोरी बनते. तिचं नाव भ्रूणपोष.

गव्हाच्या दाण्यातलं पीठ म्हणजे भ्रूणपोष. तांदळाचा पांढरा भाग म्हणजे भ्रूणपोष. नारळाचं पाणी आणि खोबरं हीसुद्धा त्याचीच दोन रूपं. पाण्यात केंद्रकं मोकळी तरंगतात, खोबऱ्यात पेशींच्या भिंती बांधून झालेल्या असतात.

यात काटकसर कुठे आहे, ते पाइनशी ताडून पाहिलं की कळतं. पाइनच्या बीजांडात अन्न साठवणारी ऊती फलनाआधीच वाढू लागते. फलन फसलं तर तेवढा खर्च पाण्यात जातो. सपुष्प वनस्पतीत शिदोरी बांधायला सुरुवात होते तीच फलन झाल्यावर. फलन नाही, तर खर्चही नाही. एका हंगामात हजारो बीजांडं पणाला लावणाऱ्या झाडासाठी ही बचत मोठी आहे.

ही व्यवस्था एका फटक्यात आलेली नाही. सपुष्पांमधल्या फार जुन्या शाखेतल्या काही कुमुदिनींचा भ्रूणकोश, म्हणजे बीजांडातली अंडपेशी धरणारी पिशवी, चारच पेशींचा असतो आणि त्यांच्या भ्रूणपोषात गुणसूत्रांचे दोनच संच असतात. इतर बहुतेक सपुष्पांच्या भ्रूणकोशात सात पेशी आणि आठ केंद्रकं असतात. साध्या चार पेशींच्या घडणीची दुप्पट होऊन पुढची घडण आली असावी, असं मानायला यामुळे जागा आहे.

घाई

आमच्या मते सपुष्पांच्या यशाचं सगळ्यात कमी चर्चा होणारं कारण म्हणजे त्यांचा वेग. पाइनमध्ये पराग पोचल्यापासून फलन होईपर्यंत साधारण वर्ष जातं. मक्यात हे काम सुमारे २४ तासांत उरकतं, आणि तेही परागनलिकेला कधीकधी ३० सेंटिमीटरची वाट कापावी लागत असताना.

मक्याचं कणीस याचा चांगला नमुना आहे. कणसाच्या टोकाला जे रेशमी केस दिसतात, त्यातला प्रत्येक केस म्हणजे एका होऊ घातलेल्या दाण्याचा वृंत आणि कुक्षी. जितके दाणे, तितके केस. कणसाच्या बुडाकडचे केस आधी बाहेर पडतात, शेंड्याकडचे सगळ्यात शेवटी. पाण्याचा ताण बसला की केस उशिरा निघतात, तुऱ्यातून पराग मात्र ठरल्या वेळी झडून जातो. मग शेंडा बोडका राहतो किंवा मध्येच दाण्यांच्या जागा रिकाम्या दिसतात. बोडक्या शेंड्याचं कणीस दिसलं की खताला दोष देण्याआधी तुरा आणि केस यांच्या दिवसांचा मेळ बसला होता का, ते तपासावं.

या वेगामुळे सपुष्पांना एक नवी जीवनशैली मिळाली. उगवायचं, फुलायचं, बी टाकायचं आणि एका हंगामात संपून जायचं. आज जिवंत असलेल्या अनावृतबीजींमध्ये एकही वर्षायू वनस्पती नाही. सगळ्या काष्ठमय आणि बहुवर्षायू. पूर ओसरल्यावर उघडी पडलेली नदीकाठची माती, दरड कोसळलेला उतार, वणव्यानंतरची राख, अशा जागा चार महिन्यांत काबीज करणं हे सपुष्पांचं काम. अरॅबिडॉप्सिस हे प्रयोगशाळेतलं लाडकं रोपटं तर बीपासून बीपर्यंतचं चक्र सहा आठवड्यांत पूर्ण करतं.

वेग पानांतही आहे. पान कार्बन डायऑक्साइड घेण्यासाठी रंध्रं उघडतं तेव्हा पाणी निसटतं. आत येणाऱ्या प्रत्येक रेणूमागे पाण्याचे शेकडो रेणू बाहेर जातात. शिरांमधून तितकं पाणी पुरवता आलं नाही तर रंध्रं मिटावी लागतात आणि अन्न तयार होणं मंदावतं. नेचे आणि अनावृतबीजी यांच्या पानात दर चौरस मिलिमीटरला सरासरी २ मिलिमीटर लांबीच्या शिरा असतात. सपुष्पांत ही सरासरी ८ मिलिमीटरच्या घरात जाते आणि काही जातींत २५ पर्यंत. पिंपळाचं वाळलेलं, जाळी झालेलं पान उजेडासमोर धरलं तर हे दाट विणकाम साध्या डोळ्यांनी दिसतं. जीवाश्म पानांवरून असं दिसतं की सुरुवातीच्या सपुष्पांच्या शिरा विरळच होत्या; त्या दाट झाल्या सुमारे १० कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास. म्हणजे बंद अंडाशय आधी आला आणि शिरांचं जाळं मागाहून.

डार्विनची डोकेदुखी

२२ जुलै १८७९ रोजी चार्ल्स डार्विन यांनी वनस्पतितज्ज्ञ जोसेफ हुकर यांना पत्र लिहिलं. अलीकडच्या भूशास्त्रीय काळात उच्च वनस्पतींचा इतक्या झपाट्याने झालेला विकास हे एक तिरस्करणीय गूढ आहे, असं त्यात म्हटलं होतं. त्यांची अडचण खरी होती. उत्क्रांती सावकाश, टप्प्याटप्प्याने होते हा त्यांचा सिद्धांत, आणि क्रिटेशस काळाच्या (सुमारे १४.५ ते ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या) मधल्या थरांत सपुष्पांची पानं एकदम, तीही नानाविध, दिसू लागत होती. दक्षिण गोलार्धातल्या एखाद्या हरवलेल्या भूभागावर त्या आधी हळूहळू वाढल्या असाव्यात, अशी एक शक्यता त्यांनी चाचपून पाहिली होती. कीटकांच्या साथीमुळे हा वेग आला, ही फ्रेंच पुराजीवतज्ज्ञ गास्तों द सापोर्ता यांची कल्पना त्यांना पटण्याजोगी वाटली.

डार्विनच्या हातात नव्हते असे दोन पुरावे आता आहेत. पहिला परागाचा. परागकणाचं कवच कमालीचं टिकाऊ असतं आणि एकेक झाड पराग प्रचंड संख्येने सोडतं, म्हणून पानं-फुलं कुजून गेली तरी पराग गाळात राहतो. सपुष्पांच्या परागाची कवचरचना वेगळी ओळखता येते. असा पराग सुमारे १३.५ कोटी वर्षांपूर्वीपासून मिळतो, आणि त्याच्यावर एकच खाच असते. तीन खाचांचा पराग हा खऱ्या द्विदल वनस्पतींचा शिक्का. तो साधारण १२.५ कोटी वर्षांपूर्वी येतो. त्यानंतर थर जसजसे नवे होत जातात, तसतशी परागाची विविधता वाढत जाते. म्हणजे पायऱ्या होत्या. पानांच्या जीवाश्मांत त्या नीट दिसत नव्हत्या इतकंच.

दुसरा पुरावा कोळशाचा. जंगलाच्या आगीत काही फुलं जळून राख होण्याऐवजी कोळसा झाली आणि त्यांचा आकार टिकला. डॅनिश शास्त्रज्ञ एल्स मारी फ्रीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वीडन आणि पोर्तुगालमधल्या क्रिटेशस वाळूतून अशी फुलं मिळवली. वाळू पाण्यात सोडवायची, बारीक चाळणीतून गाळायची, उरलेल्या कणांतून एकेक फूल सूक्ष्मदर्शकाखाली वेचायचं. ती फुलं काही मिलिमीटरचीच निघाली. सुरुवातीची फुलं मॅग्नोलियासारखी मोठी असावीत, हे जुनं चित्र त्यामुळे बदललं.

या क्षेत्रात वय ठरवताना घसरायला फार वाव असतो. चीनच्या लिआओनिंग प्रांतातलं आर्किफ्रुक्टस हे जीवाश्म १९९८ मध्ये जुरासिक, म्हणजे क्रिटेशसच्या आधीच्या काळातलं म्हणून गाजलं. मग त्याच थरांतल्या ज्वालामुखीच्या राखेचं किरणोत्सारी कालमापन झालं आणि वय सुमारे १२.५ कोटी वर्षांवर आलं. ती पाण्यात वाढणारी वनस्पती होती. स्पेनमधली मॉन्टसेकिया हीसुद्धा जवळपास त्याच काळातली आणि तीही पाणवनस्पती. जुरासिक फुलांचे दावे अधूनमधून येत राहतात. त्यातलं २०१८ चं नानजिंगअँथस हे तर १७ कोटी वर्षांहून जुनं असल्याचं सांगितलं गेलं, पण अनेक तज्ज्ञांना तो चेपलेला शंकू वाटतो. अशी बातमी वाचताना एकच गोष्ट विचारावी: बीजांड सगळ्या बाजूंनी बंद असल्याचं दाखवलंय का? पाकळीसारखं काहीतरी दिसणं हा पुरावा नव्हे.

डीएनए वेगळंच सांगतं. दोन जातींच्या जनुकांत किती बदल साठले यावरून त्या कधी वेगळ्या झाल्या याचा अंदाज बांधता येतो. हे रेण्वीय घड्याळ सपुष्पांचा उगम जुरासिकमध्ये, काही हिशेबांत त्याही आधी ट्रायासिकमध्ये नेतं. जीवाश्मांशी हा मेळ बसत नाही. घड्याळ चुकण्याचं एक कारण ठाऊक आहे. अल्पायुषी वनस्पतींत पिढ्या भरभर होतात आणि बदलही भरभर साठतात, दीर्घायुषी झाडांत सावकाश. पहिले सपुष्प छोटे आणि अल्पायुषी असतील, तर त्यांचे बदल झाडांच्या गतीने मोजल्यावर वय फुगणारच. उलट बाजूने, पहिले सपुष्प विरळ असतील आणि जीवाश्म होण्यासारख्या जागी वाढत नसतील, तर थरांत त्यांची नोंदच नसेल. दोन्ही गोष्टी एकाच वेळी थोड्या थोड्या खऱ्या असू शकतात.

सपुष्पांच्या आपसातल्या वंशावळीबाबत मात्र बरंचसं एकमत झालं आहे. १९९९ मध्ये स्वतंत्रपणे झालेल्या अनेक अभ्यासांतून असं दिसलं की सपुष्पांच्या वंशवृक्षाची सगळ्यात खालची फांदी म्हणजे अँबोरेला ट्रायकोपोडा, पॅसिफिकमधल्या न्यू कॅलेडोनिया बेटावरचं एक साधंसं झुडूप. तिच्यानंतर कुमुदिनींची शाखा फुटते. अँबोरेलाच्या खोडात पाणी वाहणाऱ्या रुंद वाहिन्या नाहीत, फक्त अरुंद वाहिनिका आहेत. तिच्या किंजदलाची कुपी वरच्या टोकाला पेशींनी सांधलेली नसते, नुसत्या चिकट स्रावाने बुजलेली असते. दार आधी ओढून घेतलं, कडी नंतर बसली, असं यावरून वाटतं. पण अँबोरेला म्हणजे पूर्वज नव्हे. तीही बाकीच्यांइतकीच वर्षं उत्क्रांत होत आली आहे.

फूल बनवणारी जनुकं जुनीच

१९९१ मध्ये एन्रिको कोएन आणि एलियट मायरोविट्झ या जीवशास्त्रज्ञांनी फुलाच्या घडणीचं एक सुटसुटीत सूत्र मांडलं. जनुकांचे तीन वर्ग: अ, ब आणि क. फुलाच्या बाहेरच्या वर्तुळात नुसता अ चालू असला की निदल तयार होतं. अ आणि ब मिळून पाकळी. ब आणि क मिळून पुंकेसर. मधोमध नुसता क, तर किंजदल. अ आणि क एकमेकांना आपल्या हद्दीत येऊ देत नाहीत.

मघाशी दुहेरी जास्वंद नको म्हटलं ते याचमुळे. क वर्गाचं काम ढिलं पडलं की अ आत घुसतो आणि जिथे पुंकेसर यायचे तिथे पाकळ्या येतात. गुलाबाच्या भरगच्च वाणांमागे हेच आहे. रानगुलाबाला पाच पाकळ्या आणि ढीगभर पुंकेसर असतात. बागेतल्या गुलाबात क ची हद्द आकसलेली असते. अशी फुलं दिसायला सुंदर, पण पराग कमी आणि बीही कमी. परागावर जगणाऱ्या कीटकांना त्यांचा फारसा उपयोग नाही. तिन्ही वर्ग बंद पाडले तर फुलाच्या सगळ्या भागांच्या जागी पानांसारखे अवयव येतात. फुलाचे भाग म्हणजे रूपांतरित पानं, हे जर्मन कवी गटे यांनी १७९० मध्ये निरीक्षणावरून मांडलं होतं. दोनशे वर्षांनी जनुकांनी त्यावर मोहोर उमटवली.

उत्क्रांतीच्या दृष्टीने यातली खरी बातमी वेगळी आहे. ब आणि क या वर्गांची नातलग जनुकं अनावृतबीजींतही आहेत. तिथे ब आणि क दोन्ही चालू असले की नर शंकू, नुसता क असला की मादी शंकू. म्हणजे फूल घडवायला नवी जनुकं शोधावी लागली नाहीत. नर आणि मादी भाग एकाच आखूड अक्षावर आले, बाहेरच्या बाजूला ब चालू आणि आतल्या बाजूला बंद, एवढी फेरमांडणी पुरली. तिला वाव मिळाला तो बहुधा जनुकांच्या जादा प्रतींमुळे. सगळ्या सपुष्पांच्या समाईक पूर्वजात संपूर्ण जनुकसंच एकदा दुप्पट झाला होता, हे २०१३ मध्ये अँबोरेलाचा जनुकसंच वाचल्यावर स्पष्ट झालं. एक प्रत जुनं काम सांभाळते, दुसरी मोकळी असते.

हे फूल नेमकं कोणत्या गटातून आलं, यावर वाद आहे. एकेकाळी नीटम आणि वेल्विट्शिया या अनावृतबीजींचा गट सपुष्पांचा जवळचा भाऊबंद मानला जाई. डीएनएने तो सूचिपर्णींच्या जवळ नेऊन बसवला. उरलेले उमेदवार सगळे नामशेष आहेत. त्यातल्या कॅटोनिया या गटात बीजांडं वाटीसारख्या आवरणात असत. सपुष्पांच्या बीजांडाला दोन आवरणं असतात, अनावृतबीजींच्या बीजांडाला एकच. हे दुसरं आवरण म्हणजे ती वाटीच असावी, असा एक तर्क आहे.

कीटक

कीटकांनी परागण सपुष्पांपासून सुरू केलं, हा गैरसमज आहे. जुरासिक काळातल्या लांब सोंडेच्या काही माश्या अनावृतबीजींचा द्रव पीत असाव्यात. सुरुवातीच्या फुलांवर येणारे भुंगेरे, माश्या आणि फुलकिडे हेही फुलांहून जुने. मधमाश्यांचा वंश शिकारी गांधीलमाश्यांपासून पुढे, क्रिटेशसमध्ये निघाला. भक्ष्याच्या मांसाऐवजी पिल्लांना पराग भरवायला लागलेल्या गांधीलमाश्या, एवढीच त्यांची सुरुवातीची ओळख.

आज अंदाजे ८७ टक्के सपुष्प जाती परागणासाठी प्राण्यांवर अवलंबून आहेत. वाऱ्यावर सोडलेला पराग जवळपास त्याच जातीची झाडं दाटीने असतील तरच कामी येतो. फुलं ओळखून जाणारा कीटक असला, की एका जातीची दोन झाडं मैलभर अंतरावर असली तरी भागतं. म्हणजे विरळ असूनही जात टिकते. उष्ण कटिबंधातल्या जंगलात एका हेक्टरवर शेकडो जातींची झाडं मावतात ती या सोयीवर.

प्रत्येक फूल प्रत्येक कीटकाला जमत नाही. वांगं आणि टोमॅटो यांचे परागकोश बाहेरून उभे फाटून पराग उघडा टाकत नाहीत. त्यांच्या आतला पराग टोकाच्या वाटेनेच बाहेर येतो, तोही फूल ठराविक गतीने थरथरलं तरच. भ्रमर आणि बंबलबी ही मोठी केसाळ माशी फुलाला लटकून उड्डाणाचे स्नायू गुणगुणवतात आणि पराग झडतो. मधमाशीला हे येत नाही. म्हणून काचघरात टोमॅटो घेणारे बंबलबीच्या पेट्या ठेवतात किंवा कंप देणारी कांडी फिरवतात. मधमाश्यांची पेटी आणून ठेवली आणि फळधारणा वाढली नाही, तर दोष पेटीचा नसतो.

उल्कापातानंतर

६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या उल्कापातात डायनासोर संपले (पक्षी सोडून). सपुष्पांच्या मुख्य शाखा बहुतेक तरल्या, पण जंगलं बदलली. कोलंबियातल्या जीवाश्म पानांवरून आणि परागावरून २०२१ मध्ये जे चित्र मांडलं गेलं, त्यानुसार आधीची जंगलं मोकळी होती. सूचिपर्णी, नेचे आणि सपुष्प सरमिसळ, आणि जमिनीपर्यंत ऊन. उल्कापातात तिथली सुमारे ४५ टक्के वनस्पती विविधता गेली आणि ती भरून यायला ६० लाख वर्षं लागली. परत आलं ते वेगळंच जंगल होतं: दाट छत, खाली अंधार, वर सपुष्पांचं राज्य, आणि त्यात मुळांच्या गाठींतून नत्र मिळवणाऱ्या शिंबी कुळाची मोठी हजेरी. आजची विषुववृत्तीय वर्षावनं त्या जंगलाची वारस आहेत.

गवतंही उल्कापाताच्या आधीची. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुरा इथल्या डायनासोरच्या जीवाश्म विष्ठेत गवताच्या पेशींतले सिलिकाचे कण सापडल्याचं २००५ मध्ये प्रसिद्ध झालं, तोवर गवतं उल्कापातानंतरची समजली जात. गवताची वाढणारी पेशीपट्टी पात्याच्या बुडाशी असते, म्हणून शेंडा चरला तरी पातं वाढत राहतं. मोठी गवताळ मैदानं मात्र फार उशिराची, गेल्या अडीच कोटी वर्षांतली.

गवतांनी एक मोठा यू-टर्नही घेतला. कीटकांची साथ सोडून ती पुन्हा वाऱ्याकडे वळली, पाकळ्या आकसून दोन इवल्याशा खवल्यांएवढ्या उरल्या. बंद अंडाशय, द्विफलन आणि वेग मात्र त्यांनी सोडला नाही. तांदूळ, गहू आणि मका या तीन गवतांचा भ्रूणपोष आज माणसाच्या सुमारे निम्म्या कॅलरी पुरवतो. कापूस, बहुतेक तेलबिया, डाळी, भाज्या, फळं, चहा-कॉफी, क्विनीन, मॉर्फीन ही बाकीची यादी सपुष्पांचीच. जगातल्या प्रमुख अन्नपिकांपैकी तीन चतुर्थांश पिकांना प्राण्यांनी केलेल्या परागणाचा काही ना काही फायदा होतो. उत्पादनाच्या वजनात मात्र या पिकांचा वाटा ३५ टक्क्यांच्या आसपास भरतो, कारण वाऱ्यावर आणि स्वपरागणावर चालणारी धान्यंच वजनाला भारी पडतात.

या धान्यांचा सगळा भरवसा फुलण्याच्या एका छोट्या वेळेवर आहे. भाताचं फूल सहसा सकाळी उमलतं. त्या दोन खवल्या पाणी पिऊन फुगतात, टरफलं ढकलून फाकवतात, परागकोश बाहेर डोकावून फुटतात, आणि तासाभरात फूल कायमचं मिटतं. मोकळा झालेला पराग काही मिनिटंच जिवंत राहतो. या तासात फुलाचं तापमान ३५ अंश सेल्सियसच्या वर गेलं तर परागकोश नीट फुटत नाहीत, कुक्षीवर पुरेसे कण पडत नाहीत, पडले त्यांची नलिका वाढत नाही. फलन नाही म्हणून भ्रूणपोष नाही, आणि लोंबीत पोचट दाणे. पीक वरून हिरवंगार दिसत असतं, फटका मळणीलाच कळतो.

यावर एक उपाय रानभातातून आला आहे. ओरायझा ऑफिसिनॅलिस या रानटी जातीची फुलं पहाटेच्या सुमारास उमलतात. तिच्या तिसऱ्या गुणसूत्रावरचा संबंधित भाग संकराने लागवडीच्या वाणांत आणला, तेव्हा त्यांचं उमलणं दीड ते दोन तास अलीकडे आलं, म्हणजे पारा चढायच्या आत परागण उरकतं. ही युक्ती फुलण्याच्या तासापुरतीच उपयोगी आहे. फुलोऱ्याच्या दहाएक दिवस आधी, परागकण घडत असतानाच उष्णतेची लाट आली, तर पराग मुळातच वांझ तयार होतो आणि फूल कितीही लवकर उमललं तरी दाणा भरत नाही.